रंगवलेला मासा

शेजारच्या देसाईंनी त्यांच्या रेवाच्या फोटोखाली तिचा स्केटबोर्ड टांगला आहे. चाकं काढून फळी उभी केलेली, चित्राची बाजू समोर. निळ्या पाण्यात एक मोठा लाल मासा.

रेवा मागच्या पावसाळ्यात डेंगीनं गेली. ती असताना मला त्या फळीचं नवल वाटायचं. एवढं देखणं चित्र, आणि ते खालच्या अंगाला. पुलाखालच्या सिमेंटच्या कठड्यांवर रेवा आणि तिच्याबरोबरची पोरं फळीची तीच खालची बाजू घासत न्यायची. आधी माशाचा डोळा गेला, मग शेपूट. मी एकदा हळहळलो, तर रेवा हसून म्हणाली, "काका, चित्र दुकानातनं आलंय. चरे माझे आहेत."

देसाईंना ती हे कधी बोलली नसावी. त्यांनी पेंटरकडून सगळा मासा पुन्हा रंगवून घेतला, वरून वॉर्निशही मारलं. बापाला दुसरं काय सुचणार? गेलेल्या माणसाच्या वस्तू आपण धुऊनपुसून ठेवतो, आणि उरलंसुरलं माणूसही त्या पाण्याबरोबर जातं.

काल मी तिथे बसलो असताना रेवाची मैत्रीण सानिका आली. तीही त्याच कठड्यांवरची.

"अगदी नवा वाटतो ना?" देसाईंनी विचारलं.

"हो काका. छान झालाय."

ते पाणी आणायला आत वळले, तशी ती उठली आणि डोळे मिटून माशावरून बोटं फिरवू लागली. रंगाखाली कुठे एखादा चरा हाताला लागतोय का, ते शोधत राहिली.

"जपून हं बाळा," पेला घेऊन आलेले देसाई हळूच म्हणाले, "नख लागेल. चरा पडेल."