मुशीचं तेल आन् घंटीवाली मेंढी

अंथुर्ण्याच्या फाट्यावर त्या पहाटं दोन एसट्या शेजारी शेजारी हुब्या व्हत्या, एकीचं तोंड इंदापूरला, एकीचं बारामतीला. मी बारामतीच्या गाडीत, खिडकीला. पुढं गाड्या बदलत रत्नागिरी. अजून नीट उजाडलं नव्हतं. आबा, माझा बाप, खांद्यावर घोंगडं घेऊन इंदापूरच्या गाडीकडं बघत हात हालवत व्हता. त्या गाडीतली कुणी म्हातारी त्याला उलटा हात करत व्हती. मला वाटलं, बाप बी माझ्यावर गेला, मस्करी करतोय. आई खिडकीपाशी आली आन् एवढंच म्हणली, "पोचल्यावर पत्र टाक."

तुमी गावात ऱ्हायलेले आन् माझ्यागत बाहेर पडलेले, समदे मला नकल्या म्हणूनच वळखता. शाळेत हेडमास्तर मी करायचो, कंडक्टर मी करायचो, साखर कारखान्याचा भोंगा बी मीच. त्या पहाटंचा आबा बी मी त्याच गठुड्यात बांधून नेला.

रत्नागिरीत मासळीच्या एका लॅबमधी काम लागलं. बाटल्या धुवायच्या, मुशीची म्हंजी शार्कची काळजं तराजूवर ठेवायची, त्यांचं तेल गाळायचं. शेजारच्या खोलीत समुद्राचं शेवाळ वाळत पडलेलं असायचं. उकळलं की खळीवानी घट्ट व्हायचं. आमाला मासा म्हंजी उजनी धरणातला चिलापी, तो बी कवातरी. हितं महिनाभरात माझ्या अंगाला असा वास बसला की साबणानं हात टेकले.

जेवणाच्या सुट्टीत पोरं म्हणायची, कर काहीतरी. मी आबा करायचो. दिवस बुडाला की आबा कसा चालतो ते. मान वर, हात पुढं, पायानं जमीन चाचपत. एकदा तो दावणीच्या खुंट्याला राम राम करतो ते बी. पोरं लोळायची. एकदा लॅबच्या बाई दारात हुब्या व्हत्या. त्या हसल्या न्हाईत.

"दिवसा नीट दिसतं का त्यांना?"

म्हणलं, दिवसा माळावरची मेंढरं हितून मोजतो.

"मग हा रातांधळेपणा आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलंय. वाढत गेलं तर डोळे जातील त्यांचे." मग टेबलावरच्या बाटलीकडं बोट करून म्हणल्या, "तू रोज गाळतोस ना, त्या तेलात तेच असतं."

माझा हात अजून पुढंच व्हता, नकलेतला. मला फाट्यावरच्या दोन एसट्या आठवल्या. काय वाटलं म्हणाल तर काय न्हाय. उरलेल्या बाटल्या धुतल्या आन् खोलीवर गेलो.

बाईंनी एक बाटली दिली, किती आन् कसं घ्यायचं ते लिहून दिलं, डॉक्टरला दाखवा असं बी वर लिहिलं. मी ती एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती धाडली. आईनं पोस्टमनकडून पत्र लिहून घेतलं. तेल पोचलं, आबा आता टायमात घरला येतो. मी दुसरी बाटली धाडली, मग तिसरी. आबाची नक्कल बंद केली.

दिवाळीला गेलो तवा दिवस मावळत व्हता. माळावरून मेंढरं येत व्हती. म्होरं गळ्यात घंटी बांधलेली करडी मेंढी, आन् तिच्या पाठीवर हात ठेवून आबा. मान वर. मी पाटलाच्या आवाजात म्हणलं, काय आबाराव, बरं हाय न्हवं. तो पाटलाला द्यावा तसा राम राम देऊन पुढं निघाला. माझ्या जवळून जाताना थांबला. नाक वर केलं.

"तू हायस व्हय. मासळीचा वास येतोय."

तेलाचं इचारलं. उन्हाळ्यात हिरवं काडीभर नव्हतं, करडीला बी संध्याकाळचं दिसंना झालतं. आमच्यात औषध आलं की पयलं जितराबाला, हे तुमाला ठावं हाय. तिन्ही बाटल्या तिच्या पोटात गेलत्या.

"मी पिलो असतो तर मी एकटाच बघितलं असतं," आबा म्हणला. "ती पिली, तर समदी मेंढरं घरला येत्यात. मी बी येतो."

दुसऱ्या दिवशी त्याला बारामतीला डॉक्टरकडं नेलं. औषधानं एक डोळा हळूहळू सुधारला. दुसऱ्यावर पांढरा डाग पडलता, तो तसाच ऱ्हायला. दोन-चार महिने आधी आणायचं व्हतं, डॉक्टर म्हणला.

रत्नागिरीला परत आल्यावर बाईंना सांगितलं. त्या म्हणल्या, "तुमच्याकडे शेवगा असेल ना? त्याच्या पाल्यातूनही मिळतं हे. तेलावर परतून खायचा." हाय की शेवगा. दारातच हाय. शेंगा आमी खायाचो, पाला शेळ्यांला. तसं पत्रात लिहून टाकलं. आता आई पाला करती आन् आबा कुरकुरत खातो, शेळीचा घास खातोय म्हणून.

मी आता हितलाच झालो. भाताबरुबर मासा नसला तर जेवल्यागत वाटत न्हाय. तुमी पत्रात इचारता, घर आठवतं का. खरं सांगतो, तसं काय वाटत न्हाय. फकस्त दिवस बुडताना मागून घंटी वाजली की माझा हात आपसूक बाजूला जातो, मेंढीच्या पाठीच्या उंचीवर. तसाच हुबा ऱ्हातो मी, रस्त्यात.

कुल्फीवाला इचारतो, कुठली देऊ.