बदलीचा आनंद आणि चार चांगले शब्द

आमच्या सर्जनसाहेबांच्या बदलीची बातमी ऑपरेशन थिएटरमध्ये पोचली तेव्हा मी हात धूत होते. थिएटरची सफाई बघणारी मावशी दारातून डोकं घालून म्हणाली, "बाई, सायेब चालले गोंदियाले!" आणि बादली तिथंच ठेवून ती ही बातमी पुढच्या वॉर्डात द्यायला पळाली.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हापासून आमच्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिकडच्या बदलीचं नाव काढलं की लोक ती रद्द करायला नागपूरला धावायचे. या बदलीनं मात्र आमच्या अख्ख्या शल्यविभागाला हर्षवायू झाला. साहेबांचा हात चांगला होता, ते कोणीच नाकारलं नसतं. पण तोंड! टाका घालताना दोरा तुटला तर दोरा बनवणाऱ्यापासून माझ्या माहेरापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. माझं माहेर करडी गावचं. "करडीत धानाची रोवणी करायची सोडून इथं कशाला आलात?" हे मी रोज टेबलाशेजारी उभी राहून, पेशंटच्या उघड्या पोटावर नजर ठेवून ऐकायचे.

शेवटी कंटाळून मी मेट्रनबाईंकडे डोळ्यांच्या वॉर्डात बदलून मागितलं होतं. तिथं सगळं शांत, डॉक्टरही हळू बोलणारे. मेट्रनबाईंनी होही म्हटलं होतं. पण ही बातमी आली आणि मी त्याच दुपारी जाऊन सांगितलं, "राहू द्या मॅडम, मी इथंच बरी." त्या जागेवर लगेच दुसरी सिस्टर गेलीसुद्धा. मला काही वाटलं नाही. साप स्वतःच घर सोडून चालला असताना मी कशाला सामान बांधू?

मग निरोप समारंभ. आमच्याकडे त्याचा एक पक्का रिवाज. माणूस कसाही असो, जाताना प्रत्येकानं त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचेच. एरवी लोक दोन वाक्यं पुटपुटून आलूबोंड्यांच्या ताटाकडे वळतात. पण त्या दिवशी आम्ही इतके खूश होतो की शब्द पोटातून यायला लागले. बाजारातून आणलेली पितळी समई साहेबांच्या हातात देताना मावशी तर हुंदके द्यायला लागली. "सायेब, तुमी जाऊन राहिले तं आमाले करमन काय? तुमच्यावानी मानूस आता आमाले कोठं भेटन?" सकाळी हीच बाई थिएटरात फडका मारता मारता गाणं म्हणत होती.

माझी पाळी आली. मी म्हणाले, सरांचं रागावणं म्हणजे घरच्या मोठ्या माणसाचं रागावणं, त्यात आम्हाला कधी परकेपणा वाटला नाही, सर गेले की हे थिएटर पोरकं होईल. टाळ्या पडल्या. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि भाषण न करताच खाली बसले. आम्ही आलूबोंड्यांवर तुटून पडलो.

सोमवारी थिएटरात आले तर साहेब हजर. हिरव्या कपड्यात, टोपी घालून. समारंभानंतर माणूस थेट नागपूरला गेला होता, ज्यांना भेटायचं त्यांना भेटला होता, आणि बदली रद्द करून आला होता. मावशीच्या हातातला पोछा तिथंच थांबला. माझ्या डोळ्यांसमोर डोळ्यांचा वॉर्ड आला आणि गेला.

"घ्या, झालं! रडा अजून," मी तिच्या कानाशी पुटपुटले.

"मीच रडली का? तुमी तं पोरक्या झाल्या होत्या," ती म्हणाली.

साहेब माझ्याकडे आले. आवाज नेहमीचा नव्हता, त्यामुळे मी जास्तच घाबरले.

"सिस्टर, माझ्याबद्दल असं कधी कोणी बोललं नव्हतं. घरीसुद्धा नाही. म्हटलं, ही माणसं सोडून कुठं जायचं?"

सर, ते सगळं खोटं होतं, तुम्ही जाणार म्हणून आम्ही नाचत होतो. एवढं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते बोलले असते तर त्यांनी बदली परत मागायला त्याच पावली नागपूरची बस धरली असती, आणि मी सुटले असते. पण त्यांचा चेहरा बघवेना. इतक्या वर्षांत या माणसाला एकही चांगला शब्द मिळाला नव्हता, आणि मिळाला तो आमच्या खोटेपणातून. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून भयंकर राग आला.

"बरं केलंत सर, राहिलात," मी म्हणाले.

ते हात धुऊन आले, पाठ करून उभे राहिले, आणि मी त्यांच्या गाऊनचे बंद बांधले. गाठ जरा जास्तच आवळली, एवढंच.