वसतिगृहाशेजारची मोकळी जागा

टेबलावर दोन बोटांनी टकटक करायची आणि विचारायचं, "पोचलं का?" आमच्या विद्यापीठाचं नेटवर्क सांभाळणारे सर दिवसभर हेच करत. एखाद्या इमारतीत तार जोडली की तिकडच्या टोकाला फोन, आणि "पोचलं" ऐकेपर्यंत चहाला हात नाही. मी त्यांचा मदतनीस. सुट्टीत गावाकडे, कड्याला, घरी गेलो तरी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "पोचलास का बे?" असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. नसेल, तर तुमचं नुकसान आहे.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडतात, म्हणून अंबाजोगाईचं आमचं सगळं आवार एकाच पत्त्याआडून बाहेरच्या जगाशी बोलायचं. एकदा कुण्या दिवट्याने लॅबमधून उचापत केली आणि शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाने आमचा तो पत्ताच बंद करून टाकला. अर्जाचा शेवटचा दिवस होता. वसतिगृहातली तलवाड्याची एक मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, मी तर काहीच केलं न्हाई," म्हणाली. ती गावातल्या नेट कॅफेत जाईपर्यंत मुदत संपली होती. पुढच्या सत्राला ती आली नाही.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. "खोडी एकानं काढली अन् दार सगळ्यांचं लागलं," एवढंच म्हणाले. "जिला तिला तिचा पत्ता पायजे."

पत्त्यांची नवी पद्धत आली होती, आयपीव्ही-सिक्स. तिच्यात पत्त्यांना तोटाच नाही. सरांनी सगळं आवार तिच्यावर न्यायची योजना मांडायला घेतली. तोवर त्यांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आपल्या हयातीत वसतिगृहाचं तरी काम व्हावं, हे ते बोलून दाखवत नसत, पण आम्हाला दिसत होतं.

समितीत एक प्राध्यापक म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत जुनं बंद करा, नवं सुरू करा. विषय संपला."

सर शांतपणे म्हणाले, "नवी सून आली म्हनून सासूला घराभाईर काढता का साहेब? दोघी नांदू द्या काही वर्षं."

समिती हसली आणि मंजुरी मिळाली. समित्यांना तांत्रिक मुद्द्यापेक्षा सासू-सून लवकर कळते.

पत्ते वाटायचं काम माझ्याकडे आलं. माझा हात टंचाईत तयार झालेला. मी इमारतीला इमारत चिकटवली, एक पत्ता वाया घालवला नाही, आणि तक्ता देऊन शाबासकीची वाट पाहत बसलो. सरांनी तो पाहिला आणि परत केला.

"गावच्या सप्त्यात पंगत बसवलीस का कधी?"

"बसवली की, सर."

"मग हितं समदे खेटून कावून बसवलेस? रानातून येनारा मागूनच येतो. घरच्यांपाशी बसतो म्हनला तर कोनाला उठवशील?"

प्रत्येक इमारतीशेजारी त्यांनी जागा मोकळी सोडायला लावली. वसतिगृहाशेजारी सगळ्यात जास्त. "हितं लई पोरी येनार हायत," म्हणाले. मला ती उधळपट्टी वाटली. पण त्यांच्या दंडावरचे सुयांचे डाग पाहून वाद घातला नाही.

एकेक इमारत नव्या पत्त्यांवर जात गेली. वसतिगृहाचं वायरिंग जुनं, म्हणून ते मागे राहिलं. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा सरांना धड बोलवत नव्हतं. चादरीवर दोन बोटं हलली. "वसतिगृह?"

"अजून न्हाई, सर."

हो म्हणायला हवं होतं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. सरांशी मला ते जमलं नसतं.

यंदा वसतिगृहाचं वायरिंग नवं झालं आणि शेजारी मुलींसाठी आणखी एक इमारतही उभी राहिली. मी तक्ता उघडला. तिची जागा तिथं होतीच. कुणालाही उठवावं लागलं नाही.

तारा जोडून झाल्यावर मी तिथल्या एका मुलीला फोन लावला. टेबलावर माझी दोन बोटं वाजत होती, हे मला उशिरा कळलं.

"पोचलं का?"

"पोचलं, सर. शिष्यवृत्तीचं पान उघडलंय."

मी फोन ठेवला. हे आता कळवायचं कुणाला, तेच सुचेना.