दोर एकाकडे, पोहरा दुसऱ्याकडे

हॉस्टेलच्या विहिरीवर त्या पोराच्या कानशिलावर लाकूड घातलं ते मी. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आई जायच्या आधी दोन रात्री तिच्या उशाशी बसलो होतो, तिलाही नाही. माझ्याऐवजी दुसऱ्याचं कॉलेज सुटलं, आणि तो दुसरा अजून असंच समजतो की मारणारा तोच. सांगायची सवय नाही मला. थोडं मागंपुढं होईल.

दुष्काळाचं साल होतं. नगरच्या बाहेर, सुप्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं कॉलेज आणि त्यामागं हॉस्टेल. रस्त्याच्या कडेला मेलेली जनावरं पडलेली असत. पहिल्यांदा नाकाला रुमाल लावायचो, नंतर तोही लावेनासे झालो. संख्याशास्त्राच्या आमच्या वर्गाला त्या वर्षी कॉम्प्युटर हा नवा विषय लागला होता. कॉम्प्युटर मात्र नव्हता. सर तरुण होते, मुंबईला उन्हाळी वर्ग करून आलेले. यंत्र त्यांनी पाहिलं होतं, आम्ही फक्त फळ्यावरचे चौकोन पाहिले.

सरांचा हात चालायचा. डस्टर फेकून मारायचे आणि नेम चुकत नसे. पण शिकवायचे असे, की मार खाऊनही पुढच्या बाकासाठी आमची भांडणं व्हायची. पहिल्याच तासाला म्हणाले, "यंत्र म्हणजे मारका बैल. ताकद मोप, अक्कल शून्य. त्याचा कासरा धरणारा लागतो. तो कासरेवाला म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम." त्यातल्या मुख्य प्रोग्रामला ते सुपरवायझर म्हणत. कामं रांगेत उभी. सुपरवायझर एकाला आत घेणार. नेमल्यापेक्षा जास्त वेळ खाल्ला की त्याला बाहेर फेकणार, रडला तरी ऐकणार नाही. पुढं शिकवलं, की एक काम कशासाठी तरी खोळंबलं असेल तर यंत्र रिकामं ठेवायचं नाही, तेवढ्यात दुसऱ्याला घ्यायचं. मला हे सगळं देवानंच सांगितल्यासारखं वाटलं. त्याचं कारण हॉस्टेल.

हॉस्टेलात मार रोजचा होता. मेसमध्ये भाकरीवरून, खोलीत जागेवरून, आणि विहिरीवर पाण्यावरून. रात्रभर झऱ्यातून जे काय पाझरेल ते पहाटे उपसायचं, त्यानंतर नुसता गाळ. त्यासाठी पोरं अंधारात धावायची, एकमेकांना काठावरून ओढायची. एका सीनियरनं माझ्या कपाळावर बादली मारली, त्याची खूण अजून आहे. तो वर म्हणाला, "ए बारक्या, रगात पुस आन मागं हो. रगातानं आंघूळ झाली तुजी."

त्या दिवशी मी ठरवलं, विहिरीला पाळ्या लावणारा सुपरवायझर पाहिजे, आणि तो मी. रेक्टरांना पटलं. पोरांनाही पटलं, कारण मार खाऊन सगळेच कंटाळले होते. ज्याची पाळी नाही त्यानं कडुनिंबाच्या पलीकडं, भिंतीआड थांबायचं. पुढं यायचं नाही. पाळी संपल्यावर जो रेंगाळेल त्याला हाकलायचं. हाकलायला माझ्या हातात मोडक्या खाटेचा पाय होता. पोरं चेष्टेनं "सुपरवायझरसाहेब" म्हणायची आणि ऐकायची. चार जणांना पोटऱ्यांवर फटके बसले तशी चेष्टाही कमी झाली. सुरुवातीला मी फटका आवरता घ्यायचो. मग आवरायचा थांबलो. मग मला ते आवडायला लागलं. हे लिहायला जड जातं, पण आवडायला लागलं होतं.

आता विहिरीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाणी खोल गेलं तसा हॉस्टेलचा दोर अपुरा पडला, पोहरा तर आधीच तळाला गेलेला. मग पाथर्डीकडच्या पोरांनी घरून लांब दोर आणला. त्यांच्याकडच्या विहिरी खोलच. गोदाकाठच्या पोरांनी लोखंडी पोहरा आणला. दोर एका खोलीच्या खुंटीला, पोहरा दुसऱ्या खोलीच्या. ज्याची पाळी त्यानं आधी दोर मागून आणायचा, मग पोहरा, असा आपोआप पडलेला रिवाज होता. त्यात वेळ जायचा. मी शहाणपण केलं. एका वेळी दोघांना आत घ्यायला लागलो. एकानं दोर घेऊन यायचं, दुसऱ्यानं पोहरा. एक जण दोर कप्पीवर चढवतोय तोवर दुसरा पोहरा बांधायला तयार. कोण आधी भरणार ते त्यांनी आपसांत बघायचं. काही दिवस छान चाललं, कारण रोज कुणीतरी एक जण नमतं घेत होता. सरांना मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "शाब्बास. तू विषय जगतोयस."

शनिवारी सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एका कामाच्या हातात टेप आहे, माहिती साठवायची फीत, त्याला प्रिंटर हवा. दुसऱ्याच्या हातात प्रिंटर, त्याला टेप हवी. दोघंही सोडत नाहीत. "याला डेडलॉक म्हणतात. पक्की कोंडी. जगबुडी झाली तरी सुटायची नाही."

"मग सुपरवायझरनं काय करायचं, सर?" मीच विचारलं.

"एकाला मारायचं. किल. त्याच्या हातातलं काढून घ्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं."

"कुणाला मारायचं, सर?"

"ज्याला मारल्यानं कमी नुकसान होईल त्याला." वर्ग हसला. घंटा झाली. सर फळा पुसता पुसता म्हणाले, "आणखी एक उपाय आहे, तो सोमवारी."

रविवारी पहाटे पाळी आली पाथर्डीच्या एका पोराची आणि पुणतांब्याच्या एकाची. पाथर्डीचा किडकिडीत, शाळामास्तराचा मुलगा, तोंडाळ. त्याचा खोलीतला सोबती रात्रभर उलट्या करत होता, त्याला धुवायला पाणी पाहिजे होतं. पुणतांब्याचा दांडगा, ऊसवाल्या घरचा. त्याच्या बहिणीची सुपारी फुटायची होती, पहिल्या गाडीनं निघायचं होतं. मी डोकावून पाहिलं. विहिरीत फार तर एकाचं पाणी होतं. तरी मी नेहमीसारखा दोर एकाला आणि पोहरा एकाला आणू दिला.

"दोर सोड," पुणतांब्याचा म्हणाला. "मला गाडी गाठायची हाय."

"पोहरा दे. पोरगं घाणीत पडलंय तिकडं."

"मंग मी काय आसाच जाऊ पाव्हन्यांम्होरं?"

"गोदावरीत डुबक्या मारनारं तुमी. हितं कशाला मरायला येता?"

"आन तुमच्याकडं थुकीनं त्वांड धुत्यात म्हनं. धू की मंग."

त्यावर पाथर्डीचा त्याच्या तोंडावर थुंकला. "घे, धू."

पुणतांब्याच्यानं त्याच्या तोंडात ठोसा हाणला. दात पडल्याचा आवाज मी ऐकला आहे. पाथर्डीचा पडला नाही. त्यानं दोराचा फास त्याच्या मानेत टाकला आणि सगळा भार देऊन खाली ओढला. पुणतांब्याच्याचं तोंड पाथर्डीच्याच्या छातीशी दाबलं गेलं, गळ्यातून घरघर यायला लागली. पोहरा मात्र त्यानं सोडला नाही. याच्या हातात दोर, त्याच्या हातात पोहरा, आणि दोघं काठावर. मला फळ्यावरचे चौकोन दिसत होते. खरंच दिसत होते. कमी नुकसान कुणाला मारल्यानं? मी ठरवलं. किडकिडीत आहे, मास्तराचा आहे, त्याच्यामागं येणारं कुणी नाही. मी मागून गेलो आणि खाटेचा पाय त्याच्या कानावर घातला.

त्याच क्षणी पुणतांब्याच्यानं आंधळेपणानं पोहरा फिरवला. पोहरा कप्पीच्या दगडी खांबावर आदळला. दोन आवाज एकात एक मिसळले. पाथर्डीचा दोरासकट कोसळला, कानातून रक्त आलं. पोहरा हातातून सुटून त्याच्या डोक्याशी त्या रक्तात पडला. पुणतांब्याच्यानं मानेतला फास काढला, खोकत खोकत वर पाहिलं, आणि त्याला दिसलं ते एवढंच: पडलेलं पोरगं आणि रक्तानं माखलेला आपला पोहरा.

"म्या मारला का रं त्याला?" त्यानं मला विचारलं.

मी "व्हय" म्हणालो.

बाकीचे माझ्याच नियमानं भिंतीआड उभे होते. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. ओरडा ऐकून ते धावत आले, तेव्हा मी जखमीचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. खाटेचा पाय मी मेसच्या चुलीत घातला. त्यावर चहा झाला आणि मी तो प्यायलो.

सोमवारी सरांनी उरलेला उपाय शिकवला. सगळ्या वस्तूंना क्रम लावून द्यायचा. आधी टेप, मगच प्रिंटर. ज्याच्या हातात टेप नाही त्यानं प्रिंटरला हातच लावायचा नाही. कोंडी होतच नाही. "कुणाला मारायची वेळच येत नाही," सर म्हणाले, आणि माझ्याकडं पाहून हसले. आधी दोर, मग पोहरा. पोरांचा आपोआप पडलेला रिवाज तोच होता, मी मोडण्याआधी. पुढच्या बाकावर पाथर्डीच्याची जागा रिकामी होती.

चौकशीत रेक्टरांनी मला विचारलं. मी खाली बघून म्हणालो, की पोहरा लागला. पुणतांब्याच्यानं स्वतःही तेच सांगितलं. त्याचे वडील आले, त्यांनी सगळ्यांसमोर त्याला चपलेनं मारलं. नाक फुटलं तरी तो हात आडवा करत नव्हता. त्याला कॉलेजातून काढलं. बहिणीची सोयरीक मोडली की नाही ते मी विचारलं नाही. पाथर्डीचा वाचला, पण तो कान कायमचा गेला. परीक्षेला आला तेव्हा मान वाकडी करून ऐकत होता. मला म्हणाला, "तू होतास म्हनून वाचलो." मी ऐकून घेतलं.

पुढं मी हाच विषय शिकवण्यात नोकरी काढली. डेडलॉकचा धडा आला की मी क्रमाचा उपाय आधी शिकवतो आणि मारण्याचा नंतर, घंटा व्हायच्या आत. पोरांना वाटतं, ही माझी शिकवायची पद्धत आहे.

काही वर्षांपूर्वी राहुरीच्या स्टँडवर पुणतांब्याचा भेटला. त्यानंच ओळखलं. अंगानं सुटला होता, केस पांढरे. बळंच चहाला नेलं.

"शेती बघतो," म्हणाला. "बरं चाललंय. पोरं मोठी झाली. एक सांगू का, तवापासनं म्या कुनावर हात उचलला न्हाई. पोरांवर न्हाई, बैलावर न्हाई. भावकीतली मला बुळा म्हनत्यात. बांध कोरून रान लाटलं माझं, तरी गप बसलो. ह्यो हात हाय ना, ह्याचं मला भ्या वाटतं."

"जुनं झालं आता," मी म्हणालो.

"तुला जुनं. त्याचा कान परत आला का?" मग जरा थांबून म्हणाला, "तू तरी बरा. खोटं बोलून मला वाचवाया गेला न्हाईस."

माझी गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता. बशीत उरलेला चहा मी प्यायलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत बसलो. खिडकीबाहेर तो हात करत होता.

त्यानंतर पुणतांब्याची गाडी मी दोनदा पकडली, दोन्ही वेळा वाटेत उतरून परत आलो. हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, ते मला कळतं. पाथर्डीला जाऊन त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून मला माझं नाव सांगायचं आहे. आणि त्याआधी पुणतांब्याला जाऊन, त्याच्या घरच्यांसमोर, सांगायचं आहे की तुझा पोहरा खांबाला लागला होता, मारलं मी. हे देणं माझ्याकडं अजून आहे.