बाप-लेकीचा खटला

पलूसच्या पलीकडे आमच्या गावात आकाराम जगदाळे यांना नावानं कुणी हाक मारत नाही. ते सगळ्यांचे हवालदार. सैन्यातली नोकरी संपवून ते घरी आले, दीड एकर ऊस होता तो बघायला लागले, आणि मग कुणाला काही न सांगता सांगलीच्या विधी महाविद्यालयात वकिलीच्या पहिल्या वर्षाला जाऊन बसले. मुक्त विद्यापीठाची बी.ए. त्यांनी पलटणीत असतानाच केली होती. गावाला वाटलं, हवालदारांना भावकीतला बांधाचा दावा चालवायचा असणार.

तसं नव्हतं. हवालदार दक्षिण सुदानमध्ये होते, निळं हेल्मेट घालून, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत. तिथं एका डिसेंबरात लढाई पेटली आणि शहरातली माणसं जीव घेऊन त्यांच्या तळाकडं पळत आली. डोक्यावर गाद्या, काखेत पोरं. वरून हुकूम आला, हवालदारांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी गेट उघडलं. ती माणसं पुढं कित्येक महिने तळाच्या आवारातच राहिली. ही गोष्ट पारावर आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली होती की हवालदार कुठं थांबून पाणी पितात तेही पाठ झालं होतं.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एका तासाला प्राध्यापिका घोरपडे मॅडम जाता जाता बोलून गेल्या, की अशा माणसांना आसरा देण्याबद्दल आंतरराष्ट्रीय कायद्यात बरंच काही लिहिलेलं आहे. हवालदार उभेच राहिले.

"म्हंजे मॅडम, आमी गेट उघडलं ती दया न्हवती? त्या लोकांचा हक्क व्हता?"

"तोच तर वाद आहे," मॅडम हसून म्हणाल्या. "तो सोडवायचा असेल तर एलएल.एम. करा."

त्या दिवशी घरी येईपर्यंत हवालदारांच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य होतं. इतकी वर्षं सांगितलेली आपलीच गोष्ट त्यांना पहिल्यांदा नवी वाटायला लागली.

आता गंमत अशी, की त्यांची थोरली लेक संयोगिता बारावीनंतर पाच वर्षांची वकिली शिकत होती. दोघं एकाच उन्हाळ्यात पास झाले. संयोगितानं घरात पेढे ठेवले आणि सांगितलं, मी सांगलीतच मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएल.एम. करणार.

"मीबी अर्ज भरलाय," हवालदार म्हणाले.

संयोगिता बघतच राहिली. "आबा, तुमी माझ्या वर्गात?"

"वर्गात मी तुझा बाप न्हाई. विद्यार्थी हाय."

"मग वर्गात मला संयू म्हनायचं न्हाई."

"बरं. मॅडम म्हनतो."

आतून मायावहिनी, म्हणजे हवालदारांच्या मंडळी, पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग आम्हाला रोज एक देखावा बघायला मिळायला लागला. सकाळी हवालदारांची मोटरसायकल निघायची, मागं लेक, आणि हेल्मेटमधून दोघांचं भांडण चालू. शेजारचे नानासो, हवालदारांचेच पलटणीतले मित्र, एकदा त्यांच्या मागं मागं सांगलीपर्यंत गेले होते. ते सांगत, "गड्या, हळदीचे ट्रक हॉर्न मारत्यात, ह्यांना पत्ताच न्हाई. बाप म्हनतोय करार, लेक म्हनती रूढी. मला वाटलं सोयरीक मोडली का काय!"

अभ्यास हवालदारांना सोपा गेला नाही. पुस्तकं सगळी इंग्रजीत, आणि एकेक वाक्य उसाच्या सरीएवढं लांब. मोबाईलवर शब्द शोधून त्याचा अर्थ लागेपर्यंत वाक्याचं सुरुवातीचं टोक हातातून निसटायचं. पहिल्या सहामाहीत एका विषयात ते नापास झाले. गावात लाजतील असं वाटलं होतं, तर हे पारावर येऊन सांगतात, "उत्तर माझं बरोबर व्हतं रं, पर मी निस्तं काय झालं ते लिवलं. कुठल्या कलमानं झालं ते लिवायचंच राह्यलं!" आणि फेरपरीक्षेच्या अभ्यासाला अशा उत्साहानं लागले, की जणू बक्षीस मिळालं होतं.

दुसऱ्या वर्षी महाविद्यालयात अभिरूप न्यायालय भरायचं ठरलं. खटला कल्पनेतला, पण न्यायाधीश खरे बोलावलेले, काळे कोट घालून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करायचा. घोरपडे मॅडमनी खटला लिहिला तो असा: एका देशाचे शांतिसैनिक परदेशातल्या तळावर असतात. दंगलीत माणसं आत येतात, दोन दिवसांनी तुकडीचा अधिकारी त्यांना बाहेर काढतो, आणि बाहेर त्यातली काही मारली जातात. त्यांच्या घरच्यांनी सैनिक पाठवणाऱ्या देशावर दावा लावला आहे.

चिठ्ठ्या टाकल्या. घरच्यांची बाजू आली संयोगिताकडं. देशाची बाजू आली हवालदार आणि त्यांची वर्गातली जोडीदार अंकिता या दोघांकडं. ज्यांनी गेट उघडलं होतं, त्यांनाच आता माणसं बाहेर काढणाऱ्यांचा बचाव करायचा होता.

"बदलून घ्या की," मायावहिनी म्हणाल्या.

"बदलू कशाला? बचाव करता आला तरच वकील." हवालदारांचे डोळे चमकत होते.

त्या महिन्यात घराची फाळणी झाली. लेक गच्चीवर सराव करायची, बाप गोठ्यात. दोघांनाही ऐकायला माणूस एकच, मायावहिनी. वर लेकीचं ऐकायचं, खाली येऊन नवऱ्याचं ऐकायचं, आणि इकडचं तिकडं काही सांगायचं नाही. हवालदार लाडीगोडी लावून बघायचे.

"त्या नेदरलँडच्या निकालाचं काय म्हनती ती? येवढंच सांग."

"आवं, तुमचं म्हैस ऐकती, तिलाच इचारा."

खटल्याच्या दिवशी नानासोंच्या जीपमधून आम्ही सहा जण सांगलीला गेलो. सभागृह भरलेलं. मधोमध निवृत्त जिल्हा न्यायाधीश बाई बसल्या होत्या. मराठीत बोलायला परवानगी होती, म्हणून आम्हालाही सगळं समजत होतं.

आधी संयोगिता बोलली. अशाच एका प्रकरणातला नेदरलँडच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिनं समोर ठेवला: सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली असले, तरी तेवढ्यानं त्यांच्या देशाची जबाबदारी संपत नाही. घरात तिखट-मिठावरून भांडणारी पोर ही नव्हेच, असं वाटत होतं.

मग हवालदार उठले. कोट खांद्यात घट्ट, पण आवाज खणखणीत. हुकूम संयुक्त राष्ट्रांचा, ताबा त्यांचा, म्हणून जबाबदारीही त्यांचीच, हे त्यांनी पायरी पायरीनं मांडलं. अंकिताच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं. तेवढ्यात न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.

"वकीलसाहेब, ती माणसं कुंपणाच्या आत असताना कोणाच्या हातात होती?"

"बाईसाहेब, मी स्वतः अशा गेटवर उभा..."

"तुम्ही कुठे उभे होता ते या खटल्याच्या कागदपत्रांत नाही. कायद्याने उत्तर द्या."

अंकिता कागद पुढं सरकवत होती, हवालदारांचं लक्षच नव्हतं. मी समोरच्या रांगेत होतो. त्यांचा चेहरा उजळत गेलेला मी पाहिला.

"कायद्यानं सांगायचं तर," ते सावकाश म्हणाले, "कुंपणाच्या आत आल्यावर ती माणसं सैनिकांच्याच हातात होती. गेट, बंदूक, पाणी, सगळं सैनिकांकडं. बाहेर गेल्यावर काय होणार हे दिसत असताना त्यांना बाहेर काढायचं नाही, हा त्या माणसांचा हक्क होता. दया नव्हे, हक्क!"

अंकितानं कपाळावर हात मारला. हवालदारांनी आपल्याच बाजूचा पाया उखडून टाकला होता.

संयोगिता उत्तराला उठली आणि तिनं बापाची गय केली नाही. "प्रतिपक्षाच्या विद्वान वकिलांनी आत्ताच मान्य केल्याप्रमाणे," तिनं सुरुवात केली, आणि त्या एका कबुलीवर दहा मिनिटांत अख्खा खटला उभा केला. हवालदार टेबलावर कोपर टेकून ऐकत होते. एकदा तर टाळी वाजवायला त्यांचे हात वर आले. अंकितानं कोटाची बाही धरून ते खाली ओढले.

निकाल लेकीच्या बाजूनं लागला. बाहेर आल्यावर अंकिता रागानं लाल झाली होती.

"काका, आपण जिंकत होतो! कबूल कशाला केलंत?"

"चुकलंच माझं. आपल्या पक्षाला बुडवायला नको व्हतं," हवालदार म्हणाले. मनापासून म्हणाले, पण आनंद काही लपत नव्हता. "पर पोरी, इतकी वरसं मला जे कळंना, ते उभ्या उभ्या कळलं बघ!"

अंकितानं पुढं चार दिवस अबोला धरला. मग हवालदारांनी घरचा गूळ नेऊन दिला, आणि आपल्या प्रबंधाचा विषय सांगितला: आसऱ्याला आलेल्या माणसांबद्दल शांतिसैनिकांची जबाबदारी. तिनंच मग इंग्रजी तपासून द्यायचं कबूल केलं.

गेल्या उन्हाळ्यात एलएल.एम.चा निकाल लागला. संयोगिता विद्यापीठात दुसरी आली, आता कोल्हापुरात एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. हवालदार दुसऱ्या श्रेणीत पास झाले. त्यांनी सनद घेतली, पण कोर्टापेक्षा त्यांचा पाय दुसरीकडंच जास्त असतो. पलूसला सैन्यभरतीची तयारी करून घेणारी एक अकादमी आहे, तिथं ते आठवड्यातून दोनदा पोरांना कायदा शिकवतात. युद्धात काय करता येतं, काय करता येत नाही, समोरच्या माणसाचा काय हक्क असतो.

परवा मी सहज गेलो होतो. पोरं धावण्याचा सराव करून आलेली, घामानं निथळत चिंचेखाली बसली होती. एकानं विचारलं, "सर, हुकूमच चुकीचा असला तर?"

हवालदार इतके खूश झाले, की त्यांच्या हातातला खडूच मोडला. "बस, बस, खाली बस! आता खरा तास सुरू झाला," असं म्हणून ते फळ्याकडं वळले.