शेजाऱ्यांचे बैल

बातमी आली तेव्हा मी शहाद्याच्या बाजारात मिरची पाहत उभा होतो. नंदुरबारहून आलेला एक ओळखीचा गाडीवान जवळ येऊन हळूच म्हणाला, "हेडमास्तर गयात." कोण हेडमास्तर, हे मला क्षणभर कळेचना. नंदुरबार त्याला हेडमास्तर म्हणून ओळखत असेल, पण माझ्यासाठी तो शेजारच्या घरचा नथ्थू होता, आणि नथ्थू जाऊ शकतो हे कधी मनातच आलं नव्हतं. मिरची तशीच ठेवून घरी आलो. आता महिना उलटला. त्याच्यावर चार ओळी लिहा असं साप्ताहिकाच्या संपादकांनी सांगितलं आहे. मी सातवी पास शेतकरी, लिहिणार काय? पण एक दिवस असा आहे की तो मी लिहिला नाही तर दुसरं कोणी लिहिणार नाही.

नथ्थूला शिकायचं खूळ उशिरा लागलं. लग्न झालं होतं, मुलगी चालायला लागली होती, तेव्हा हा बाबा शेतावरून येऊन कंदिलाशी पुस्तक घेऊन बसायचा. धुळ्याला जाऊन मिसरूडही न फुटलेल्या पोरांबरोबर मॅट्रिकला बसला आणि पास झाला. मग म्हणे सुरतेच्या कॉलेजात जायचं! आम्ही त्याला चिडवायचो, की पोरगी आणि बाप एकाच वर्षी शाळेत घाला, पाटी एकच लागेल. तो हसायचा आणि पुढचं पान उलटायचा. अडचण वयाची नव्हतीच. पाटलाचं घर, नाव मोठं, पण निम्मी जमीन तापीने पुरात कापून नेलेली. कागदावर शेत होतं, तिथे उभं राहिलं तर कमरेएवढं पाणी. कॉलेजचा खर्च त्या घराला झेपणारा नव्हता. नंदुरबारच्या एका कापूसवाल्या मारवाडी शेठने होतकरू आणि गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी काढला होता, तिथे नथ्थूने अर्ज केला. शेठने कळवलं, आमचे मुनीम घर पाहायला येतील.

इथेच सगळा घोळ झाला. नथ्थूचे काका, ज्यांना गाव आबा म्हणायचं, त्यांच्या आयुष्यात घर पाहायला पाहुणा येतो तो एकाच कामासाठी, सोयरिकीसाठी. "पाहुणा घर देखाले ई ऱ्हायना, मंग घर भरेल दिसाले पाहिजे," आबांनी फर्मान काढलं. नथ्थू तेव्हा नंदुरबारला मुनीमजींना आणायला गेला होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही. गावाने मात्र अंग झाडून मदत केली. पाटलाच्या घरची अब्रू ती गावाची अब्रू. गोठ्यात बैल कमी दिसतात म्हणून माझी खिल्लारी जोडी तिथे बांधली गेली, आणखी दोघांच्या जोड्या आल्या. पितळी भांडी आली, गालिचा आला, ओसरीत गव्हाची पोती रचली. मीच शिंगांना तेल लावत होतो आणि मनात म्हणत होतो, आता नथ्थूचं काम झालंच समजा.

नथ्थूबरोबर मुनीमजी आले, पुरणपोळी जेवले, गोठा पाहिला. माणूस जुना, जिनिंग कारखान्याच्या दारात, वजन वाढवायला वर कोरडा आणि आत ओला कापूस भरलाय का, अशा गाड्या तपासण्यात जन्म गेलेला. त्यांनी पान लावलं आणि शांतपणे म्हणाले, इतकं भरलेलं घर पाहून आनंद वाटला, निधी मात्र गरजूंसाठी आहे. आबांचा चेहरा असा पडला, की आजही डोळ्यांसमोर येतो. दार बंद झालं होतं. आता बोलावं तर घराची लाज जाणार, न बोलावं तर कॉलेज जाणार… आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. नथ्थू उठला. आवाज चढवला नाही की खाली आणला नाही.

"मुनीमजी, गोठामा ह्या दोन बैल आमना शेतस. बाकीना शेजारना शेतस. भांडा, गहू, गालिचा, समदं मांगीसन लयेल शे. जमीन शे, पन ती तापीना पोटमा शे. माले शिकनं शे. बाकी तुम्हीन ठरावा."

भर ओसरीत, आईसमोर, काकांसमोर, गावासमोर. माझे बैल तिथे उभे होते आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मुनीमजींनी गोठ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "वर कोल्ला कापूस अन् मझार वल्ला, अश्या गाड्या मी रोज देखस. मालकनी सोता वल्ला काढी दखाडा, असं आज पहिलं देखं."

नथ्थूला मदत मिळाली. आबांनी मात्र तो सुरतेला जाईपर्यंत त्याच्या पंगतीला जेवण घेतलं नाही. नथ्थू एकटा जेवायचा आणि काकांचं ताट स्वतः उचलायचा.

मिळवणं एक आणि टिकवणं दुसरं. एका विषयात नापास झालं की मदत बंद, आणि दर दिवाळीच्या सुट्टीत शेठच्या दुकानाच्या ओट्यावर बसून, आलेल्या शेतकऱ्यांना समजेल असं वर्षभराचं शिक्षण सांगायचं, अशी शेठची अट होती. दुसऱ्या वर्षी नथ्थूने कापसाचा भाव कसा ठरतो ते सांगितलं, सातासमुद्रापलीकडच्या बाजारापासून नंदुरबारच्या तराजूपर्यंत. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग मधमा कोन खास?" मध्ये कोण खातो ते शेठच्याच ओट्यावर, शेठच्याच अन्नावर शिकणाऱ्याने सांगायचं होतं. त्याने सांगितलं, शेठकडे बघून सांगितलं. आम्हाला वाटलं, संपलं. मदत चालू राहिली. फक्त पुढच्या दिवाळीत शेठने इतिहास विचारला, तोही रोमचा.

बी.ए. होऊन तो परतला, मास्तर झाला, हेडमास्तर झाला. या माणसाला भीती वाटत नव्हती असं नाही. ओट्यावर चढायच्या आधी तो दुकानावरून दोनदा पुढे निघून जायचा, मी पाहिलंय. तरी तो बोलायचा, आणि याचं मला आजही नवल वाटतं. पुढे शेठच्या मुलाने निधीसाठी घरं पाहायचं काम त्याच्याकडेच दिलं. मी अनेकदा बरोबर गेलो. गरीब असो, पाटील असो, घर नटलेलंच असायचं. नथ्थू काहीच विचारायचा नाही. पाणी प्यायचा आणि आधी आपल्या गोठ्यातल्या बैलांची गोष्ट सांगायचा, आबांच्या चेहऱ्यासकट. स्वतःची लाज आधी समोर ठेवायचा, म्हणजे समोरच्याला आपली सांगताना जड जाऊ नये.

तो गेल्यावर विसरवाडीकडचं एक घर पाहायचं राहिलं होतं. शेठच्या मुलाने मला जायला सांगितलं. अर्जदार तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. अंगण सारवलेलं, मला खुर्ची दिली, बायकोने कपबशीत चहा आणला. त्याचं जे व्हायचं ते माझ्या अहवालावर होतं, आणि तो घाबरून सगळं छान आहे, छान आहे म्हणत होता. मला नथ्थूसारखं बोलता येत नाही. तरी सुरुवात केली, "आमना गावमा एक नथ्थू व्हता…" आणि सांगत गेलो. गोष्ट संपली तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "दादा, तुम्हीन बसेल शेतस ना, ती खुर्ची बी शाळानी शे."

मी खुर्चीवरून उतरलो, त्याच्याजवळ जमिनीवर बसलो आणि विचारलं, तुला काय शिकायचंय?