घासून लख्ख केलेला टिन

घरचा केकचा जुना पत्र्याचा टिन गंजला, म्हणून इथे दिल्लीत, मयूर विहारच्या भांड्यांच्या दुकानात गेले होते. काच, सिलिकॉन, साधं ॲल्युमिनियम, सगळं पुढ्यात मांडलेलं. मी काळा नॉनस्टिक टिन उचलला, तसा दुकानदार म्हणाला, "आंटी, इसे तार से मत रगड़ना. काला उतर गया तो केक चिपकेगा, फिर हर बार कागज़ लगाना पड़ेगा."

कागद म्हटल्यावर मला सिम्मीभाभी आठवल्या.

लग्न होऊन मी साताऱ्याकडच्या खेड्यातून थेट दिल्लीच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये आले होते. शेजारच्या भाभींनी अशाच काळ्या टिनमधून केक पाठवला, अजून कोमट, वेलचीच्या वासाचा. रिकामं भांडं परत कसं द्यायचं, म्हणून मी रव्याचे लाडू वळले. आणि एवढं काजळलेलं तरी कसं द्यायचं, म्हणून दुपारभर तारेच्या घासणीने घासत बसले. खालचं पांढरं लख्ख दिसलं तेव्हा कुठे हात थांबवला. बाईला भांडी घासायचा कंटाळा दिसतोय, असंही मनात आलं.

भाभी दारात टिनकडे बघत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "अरे वाह, तूने तो बिल्कुल नया कर दिया!"

त्यानंतर त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक केकच्या बुडाला कागद असायचा. मी तो सोलायचे आणि ह्यांना सांगायचे, "इकडची पद्धत असेल."

"आंटी, कौन सा दूँ?" दुकानदार विचारत होता. मला मान वर करवेना.